मागच्या बुधवारी काय खाल्लंत?

फोनवर आधी माझं नाव सांगायचं,
मग तेच पुन्हा, सावकाश,
मग म्हणायचं, घाबरू नका, आरोग्य खात्यातून बोलतेय.
हे ऐकून न घाबरलेला माणूस
स्टोक-ऑन-ट्रेंटमध्ये मला अजून भेटायचाय.

प्रश्नावली बावीस पानांची.
सात दिवसांत काय खाल्लंत, कुठे, कोणाबरोबर,
कच्चं की शिजवलेलं,
घरात कुत्रा आहे का, कासव आहे का.
पहिल्या पानावर सगळे सॅलड खातात.
तिसऱ्या पानापर्यंत खरं बाहेर येतं:
रात्री अकराला ओट्याशी उभ्याने खाल्लेला गार ओटकेक,
आपल्या घावनाचा कुणी चुलतभाऊ,
नवऱ्यापासून लपवलेलं चॉकलेट,
आणि मिस्टर टनिक्लिफचं सलग तीन दिवस
‘काही नाही. चहा.’
‘काही नाही’ला रकाना नसतो.
मी समासात लिहिलं.

आई शेजारणीला सांगते, पोरगी तिकडे साथी पकडते,
जणू साथ म्हणजे कुंपणावरून उडी मारणारा भुरटा चोर.
मी पकडत नाही काही.
मी लोकांना बुधवार आठवायला लावते.

शाळेत फळ्यावर शिकलो होतो,
वर अंश, खाली छेद, मध्ये सरळ रेघ.
आजारी माणसं वर. ती सापडतात,
त्यांचे नमुने आपोआप लॅबमध्ये येतात.
माझे दिवस जातात खालच्यांच्या मागे,
जे तिथे होते आणि ज्यांना काहीच झालं नाही.
ते फोन उचलत नाहीत.
बऱ्या माणसाकडे सांगण्यासारखं काय असतं?

गुरुवारी दुपारी सगळ्या रेघा एका जागी आल्या.
बर्स्लेममधला चर्चचा हॉल,
केनेथ टनिक्लिफच्या अंत्यविधीनंतरचा चहा.
आमच्याकडे गोडाचं पान तेराव्याला पडतं,
इथे त्याच दुपारी, त्रिकोणी कापून, कडा काढून.
सतरा आजारी, त्यातले सोळा तिथे,
सोळातल्या पंधरांनी अंड्याचं सँडविच घेतलेलं.
सतरावी हॉलमध्ये गेलीच नव्हती. चार वर्षांची.
तिची आई दनूता तिथली फरशी पुसते,
उरलेली दोन सँडविचं तिने फॉइलमध्ये घरी नेली होती.
हे सांगताना आवाज असा, की चोरी कबूल करतेय.
मी म्हटलं, तुमच्यामुळेच सापडलं.
पलीकडे बराच वेळ फक्त हॉस्पिटलचं यंत्र वाजत होतं.

आकडे लावून झाल्यावर सहकारी म्हणाला, सुंदर.
आम्ही अशा वेळी सुंदर म्हणतो,
मग जीभ चावतो
आणि किटलीत पाणी भरतो.

आता बेरिलला फोन.
तिनेच केली होती सँडविचं, चार ताटं, पहाटे उठून.
मेयोनीजही हाताने, कच्ची अंडी फेटून,
मोहरी जरा जास्त,
केनेथला आवडायची तशी.
मी विचारण्याआधी तिनेच विचारलं,
‘माझ्यामुळे ना?’

अहवालात जे वाक्य जाणार होतं ते समोरच होतं.
मी म्हटलं, जंतू अंड्यांतच होता, तुमच्या हातात नाही,
आम्ही फार्मपर्यंत जातोय.
यातलं एक ‘बहुधा’ मी गाळलं.
नोकरीत नऊ वर्षं झाली, पहिल्यांदाच.

ती पोर कशी आहे, तिने विचारलं.
काल जेली खाल्ली, मी म्हटलं.
‘कुठल्या रंगाची?’
मला माहीत नव्हतं.

एक प्रश्न उरला होता.
तुम्ही स्वतः खाल्लंत का, बेरिल?
‘कुठे गं. सगळ्यांना वाढण्यातच गेला दिवस.
मग भूकच नव्हती.’

मी तिला रेघेखाली लिहिलं,
छेदात,
दिराच्या शेजारी.